वर्गणीवर उभी राहिलेली वस्ती

न्यू ऑर्लिन्सला गेलेला पर्यटक आधी फ्रेंच क्वार्टरमध्ये हिंडतो. लोखंडी नक्षीचे सज्जे, पहाटेपर्यंत जागे असणारे बार, चिकोरी घातलेल्या कॉफीचा वास. शहराची सगळी जाहिरात या भागाच्या फोटोंवर चालते. याच भागाच्या मागच्या अंगाला रॅम्पार्ट स्ट्रीट आहे. वसाहतकाळात शहराचा तट इथे होता. तटाच्या आत गाव, आणि बाहेर दलदल, कालवा, दफनभूमी. हा रस्ता ओलांडला की ट्रेमे लागतं. गोऱ्यांनी शहराची ‘मागची बाजू’ मानलेली ही वस्ती अमेरिकेतल्या सर्वांत जुन्या कृष्णवर्णीय वस्त्यांपैकी एक आहे.

जॅझचा इतिहास ट्रेमेला वगळून सांगता येत नाही, हे संगीताच्या जाणकारांना ठाऊक असतंच. पण नुसत्या वादकांच्या यादीतून या वस्तीचं मर्म कळत नाही. इथलं रस्त्यावरचं संगीत वाढलं ते अंत्ययात्रांच्या सोबतीनं. अंत्ययात्रांचा खर्च निघाला मंडळांच्या वर्गणीतून. आणि वर्गणी काढावी लागली, कारण आजारपणात, म्हातारपणात, मरणात या माणसांच्या पाठीशी ना सरकार उभं होतं ना विमा कंपनी. एकमेकांना सांभाळण्याची गरज या संस्कृतीच्या मुळाशी आहे. ती गरज विसरून फक्त वाद्यांचं कौतुक केलं, की ट्रेमेवर अन्याय होतो. तसा अन्याय त्या शहरानं वारंवार केला आहे.

टोपीवाल्याचा मळा

फ्रेंचांनी १७१८ साली वसवलेलं हे शहर पुढे काही दशकं स्पेनच्या ताब्यात होतं आणि १८०३ मध्ये अमेरिकेनं लुईझियाना प्रांतासह ते विकत घेतलं. क्लोद ट्रेमे हा फ्रान्समधून आलेला टोप्या बनवणारा कारागीर. जुली मोरो हिच्याशी लग्न झाल्यावर तिच्या माहेरची तटाबाहेरची मोठी जमीन त्याच्याकडे आली. नगरपालिकेनं १८१० मध्ये ती विकत घेतली, रस्ते आखले, तुकडे पाडले आणि विकायला काढले.

गिऱ्हाइकांमध्ये गोरे होते, तसेच ‘स्वतंत्र वर्णीय’ म्हणून ओळखले जाणारे लोकही होते. गुलामगिरीच्या बाजारपेठेत स्वतंत्र कृष्णवर्णीयांचा एवढा मोठा वर्ग कुठून आला? स्पॅनिश कायद्यात गुलामाला स्वतःची किंमत ठरवून घेण्याचा आणि ती भरून मोकळं होण्याचा हक्क होता. रविवारी भाजी-मिठाई विकून, कारागिरी करून माणसं पैसा साठवत आणि आधी स्वतःला, मग आईला, मग मुलांना सोडवत. गोऱ्या बापांनी मुक्त केलेली मुलंही या वर्गात होती. त्यातच १८०९-१० मध्ये हैतीच्या क्रांतीमुळे परागंदा झालेले नऊ हजारांहून अधिक लोक क्युबामार्गे इथे येऊन थडकले. त्यांतले साधारण एक तृतीयांश स्वतंत्र वर्णीय होते, आणि फ्रेंच वळणाचे, हाताला कसब असलेले होते. गवंडी, सुतार, शिंपी, चांभार, सिगार वळणारे अशा लोकांनी ट्रेमेतले भूखंड घेतले. अनेक भूखंड बायकांच्या स्वतःच्या नावावर होते.

या स्वातंत्र्याचं चित्र सरळसोट मात्र नव्हतं. मतदानाचा हक्क नव्हता, मुक्त असल्याचे कागद जवळ बाळगावे लागत, आणि यांच्यापैकी काहींकडे स्वतःचे गुलामही होते. ज्या रस्त्यावर एक चांभार स्वतःच्या मालकीच्या घरात राहायचा, त्याच रस्त्यावर पलीकडच्या घरात त्याच्याच रंगाची बाई कुणाची तरी मालमत्ता होती.

तेव्हाची घरं अजूनही दिसतात. क्रिओल कॉटेज म्हणजे चार खोल्यांचं, उतरत्या छपराचं बैठं घर. मधे व्हरांडा नाही, दार उघडलं की पाय थेट फुटपाथवर. दुसरा प्रकार ‘शॉटगन’ घरांचा : अरुंद भूखंडावर एकामागे एक खोल्या, शेवटच्या खोलीत जायचं तर सगळं घर ओलांडून. या रचनेचं मूळ हैतीमार्गे पश्चिम आफ्रिकेपर्यंत जातं, असं काही अभ्यासक मानतात. अंगण नसलेल्या या घरांत माणसांची बैठक दारापुढच्या दोन पायऱ्यांवर. रस्त्यावरून कोण गेलं, कोण आजारी आहे, कुणाच्या घरी पाळणा हलला, हे सगळं त्या पायऱ्यांवरून कळायचं.

रविवारचं मैदान

रॅम्पार्ट स्ट्रीटला लागून एक मोकळं मैदान आहे. रविवारी गुलामांना कामातून सवड देण्याची रीत फ्रेंच काळापासून होती, आणि माणसं तटाबाहेर जमत. हे जमणं डोळ्यांत खुपू लागलं, तेव्हा १८१७ मध्ये शहरानं फर्मान काढलं की, गुलामांनी नेमून दिलेल्या एकाच जागी जमावं. ती जागा म्हणजे काँगो स्क्वेअर.

वॉशिंग्टनमधल्या कॅपिटलच्या बांधकामात मोठा वाटा असलेला वास्तुविशारद बेंजामिन लॅट्रोब फेब्रुवारी १८१९ मध्ये इथे आला. त्याच्या अंदाजानं पाच-सहाशे माणसं गोल-गोल कडी करून नाचत होती. एक म्हातारा ढोलावर मांड ठोकून बोटांनी आणि तळव्यानं वाजवत होता. दुसऱ्याकडे भोपळ्याचं तंतुवाद्य होतं आणि त्याच्या दांडीच्या टोकाला बसलेल्या माणसाची कोरीव आकृती. लॅट्रोबला हा प्रकार मुळीच आवडला नाही, तसं त्यानं लिहूनही ठेवलं. पण त्यानं वाद्यांची चित्रं काढली, आणि आज संशोधक त्या चित्रांवरून पश्चिम आफ्रिकेतल्या वाद्यांशी नातं जोडतात. अमेरिकेत इतरत्र मळेवाल्यांनी बंडाच्या भीतीनं ढोल हिसकावून घेतले होते. इथे ते आठवड्यातून एक दिवस का होईना, उघड्यावर वाजत राहिले. पुढे या मैदानाला गुलामगिरीच्या बाजूनं लढलेल्या एका सेनापतीचं नाव दिलं गेलं. लोक काँगो स्क्वेअरच म्हणत राहिले. सरकारदरबारी ते नाव परत यायला २०११ साल उजाडलं.

चर्चमधली बाकं

ट्रेमेतलं सेंट ऑगस्टीन हे कॅथलिक चर्च १८४२ मध्ये भक्तांसाठी खुलं झालं. ते उभारण्यात स्वतंत्र वर्णीयांचा पुढाकार होता. त्या काळी चर्चमधली बाकं कुटुंबं भाड्यानं घेत. चर्च पुरं होण्याआधीच कृष्णवर्णीय कुटुंबांनी बाकं घ्यायला सुरुवात केली. हे पाहून गोऱ्यांनीही चढाओढ आरंभली. ‘बाकांची लढाई’ म्हणून ती प्रसिद्ध आहे. त्यात वर्णीय कुटुंबांनी गोऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त बाकं पटकावली. शिवाय दोन्ही कडेच्या रांगांमधली बाकं घेऊन ती गुलामांना देऊन टाकली. गुलामाला देवळात बसायला हक्काची जागा, तीही दुसऱ्या कृष्णवर्णीयाच्या पैशातून! हेन्रिएट डेलील या वर्णीय स्त्रीनं त्याच वर्षी होली फॅमिली नावाचा नन्सचा संघ सुरू केला आणि अनाथ मुलं, निराधार म्हातारी माणसं, गुलामांचं शिक्षण ही कामं अंगावर घेतली.

चर्चच्या भिंतीलगत आज एक स्मारक आहे. जाडजूड साखळदंडांचा आडवा पडलेला क्रूस, त्याला लटकणाऱ्या बेड्या. २००४ मध्ये उभारलेली ही अज्ञात गुलामाची समाधी आहे. ज्यांची नावं कुठल्याच वहीत लिहिली गेली नाहीत, त्यांच्यासाठी.

इकॉनॉमी हॉलच्या वह्या

नावं लिहून ठेवणारी माणसंही ट्रेमेत होती. ‘काटकसर आणि परस्पर साहाय्य’ असं सरळ नाव घेतलेली एक मंडळी १८३६ मध्ये स्थापन झाली. सभासद दर महिन्याला वर्गणी भरत. कुणी आजारी पडला तर औषधपाण्याचा खर्च, मेला तर दफनाचा खर्च, मागे राहिलेल्या बायकामुलांना आधार, असा कारभार. १८५७ मध्ये मंडळीनं उर्सुलाइन्स स्ट्रीटवर स्वतःचं सभागृह बांधलं, तोच इकॉनॉमी हॉल. तिथे सभा झाल्या, नाटकं झाली, नाच झाले, राजकीय ठराव झाले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला याच लाकडी जमिनीवर किड ओरीसारख्या वादकांनी जॅझ घुमवला.

मंडळी प्रत्येक सभेचं इतिवृत्त फ्रेंचमध्ये, सुरेख हस्ताक्षरात लिहून ठेवत असे. शतकभराच्या त्या वह्या १९५०च्या दशकात कचऱ्याच्या गाडीत पडल्या होत्या. एका शिक्षकाच्या नजरेला त्या पडल्या आणि त्यानं त्या उचलून घरी आणल्या. घरातल्या कपाटात त्या वर्षानुवर्षं राहिल्या. त्याची मुलगी, लेखिका फातिमा शेख, हिनं पुढे वीसहून अधिक वर्षं त्या वाचल्या, लावल्या आणि २०२१ मध्ये ‘इकॉनॉमी हॉल’ हे पुस्तक लिहिलं. सरकारी कागदांत जी माणसं केवळ मालमत्ता किंवा संशयित म्हणून येतात, ती या पानांत वर्गणी थकवतात, भांडतात, माफी मागतात, ग्रंथालय काढतात, मेलेल्या मित्राला खांदा देतात.

फातिमा शेख हे नाव वाचून आपल्याकडचा वाचक थबकेल. तिचे आजोबा बंगालमधून आले होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला हुगळी जिल्ह्यातल्या खेड्यांतले मुसलमान फेरीवाले चिकनचं भरतकाम, रेशमी रुमाल, गालिचे घेऊन अमेरिकेला जात. उन्हाळ्यात ते न्यू जर्सीच्या समुद्रकिनाऱ्यावर माल विकत आणि हिवाळ्यात दक्षिणेला न्यू ऑर्लिन्सला उतरत. गोऱ्यांच्या वस्तीत त्यांना खोली मिळत नसे. ट्रेमेत मिळाली. तिथे त्यांनी घरं भाड्यानं घेतली, काहींनी कृष्णवर्णीय आणि क्रिओल, म्हणजे फ्रेंच वळणाच्या मिश्र वंशाच्या, बायकांशी लग्नं केली, आणि एक-दोन पिढ्यांत त्यांची मुलंबाळं त्याच समाजाची झाली. १९१७ च्या कायद्यानं आशियातून येणाऱ्यांना अमेरिकेचं दार बंद झालं आणि हा ओघ आटला. विवेक बाल्ड या अभ्यासकानं जनगणनेचे तक्ते, जहाजांच्या याद्या आणि विवाहनोंदी धुंडाळून हा विसरलेला इतिहास पुन्हा उभा केला. परक्याला जागा देणारी वस्ती, हाही ट्रेमेचा स्वभावच.

वृत्तपत्र आणि रेल्वेचा डबा

यादवी युद्ध चालू असतानाच, १८६२ मध्ये, न्यू ऑर्लिन्सच्या वर्णीयांनी ‘ल युनियन’ हे फ्रेंच वृत्तपत्र काढलं. ते बंद पडल्यावर पॅरिसला वैद्यक शिकलेल्या डॉ. लुई शार्ल रूदानेझ यांनी १८६४ मध्ये ‘ट्रिब्यून’ सुरू केलं. हे अमेरिकेतलं पहिलं कृष्णवर्णीय दैनिक. मताधिकार, समान शाळा, मुक्त झालेल्या मजुरांना जमीन या त्याच्या मागण्या होत्या. त्याच वर्षी या समाजाचे दोन प्रतिनिधी हजाराहून अधिक सह्यांचा अर्ज घेऊन वॉशिंग्टनला जाऊन लिंकनना भेटले.

महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केली, हे आपण अभिमानानं सांगतो. ते पुस्तक निघालं त्याच सुमाराला, डिसेंबर १८७२ ते जानेवारी १८७३ असे काही आठवडे, लुईझियानाच्या गव्हर्नरपदावर पी. बी. एस. पिंचबॅक हा कृष्णवर्णीय माणूस बसला होता. न्यू ऑर्लिन्सच्या काही शाळांत गोरी-काळी मुलं एका वर्गात शिकत होती. पुण्यात बसून जोतीराव ज्या परिवर्तनाकडे आशेनं पाहत होते, त्याची ती मोजकी, प्रत्यक्ष वर्षं. आणि त्यामागे फक्त उत्तरेतल्या गोऱ्यांचं औदार्य नव्हतं, तर ट्रेमेसारख्या वस्त्यांमधल्या माणसांचे अर्ज, सभा आणि वर्तमानपत्रं होती.

युद्धानंतर दक्षिणेत ठेवलेलं केंद्राचं सैन्य १८७७ मध्ये मागे घेतलं गेलं आणि काळ फिरला. लुईझियानानं १८९० मध्ये रेल्वेत गोऱ्या-काळ्यांसाठी वेगळे डबे सक्तीचे केले. १८९१ मध्ये वर्णीय वकील, पत्रकार, व्यापारी एकत्र आले आणि त्यांनी ‘नागरिकांची समिती’ स्थापली. कायद्याला आव्हान द्यायचं तर कुणीतरी तो मोडून अटक करून घ्यायला हवी होती. क्लेबॉर्न अव्हेन्यूवर ट्रेमेत राहणारा चांभार होमर प्लेसी तयार झाला. पणजोबा-पणजींपैकी एकच आफ्रिकी असल्यामुळे तो दिसायला गोराच होता. ७ जून १८९२ रोजी पहिल्या वर्गाचं तिकीट काढून तो गोऱ्यांच्या डब्यात बसला, आपण वर्णीय असल्याचं त्यानं सांगितलं आणि ठरल्याप्रमाणे त्याला अटक झाली.

सर्वोच्च न्यायालयानं १८ मे १८९६ रोजी सात विरुद्ध एक मतानं निकाल दिला : सोयी समान असतील तर वेगळ्या ठेवायला हरकत नाही. या निकालाच्या आधारानं पुढची ५८ वर्षं शाळा, दवाखाने, पाणपोया, बागा वेगळ्या राहिल्या. १९५४ च्या ब्राऊन खटल्यानं शाळांपुरतं ते तत्त्व मोडीत काढलं. प्लेसीनं २५ डॉलर दंड भरला. समितीनं वर्गणीचा हिशेब छापून प्रसिद्ध केला आणि उरलेला पैसा शहरातल्या धर्मादाय संस्थांना वाटून टाकला. लुईझियानाच्या गव्हर्नरनी प्लेसीला मरणोत्तर माफी दिली ती जानेवारी २०२२ मध्ये.

शेवटचा निरोप

गुलामगिरी संपल्यावर परस्पर साहाय्याच्या मंडळ्या गल्लोगल्ली निघाल्या. त्यांचं आजचं रूप म्हणजे ‘सोशल एड अँड प्लेझर क्लब’. मदत आणि आनंद दोन्ही नावातच आहेत. आपल्या गिरणगावात कोकणातल्या एकेका गावाची मंडळं जशी आजारपण, मयत आणि गावची जत्रा एकाच पेटीतून पार पाडत, तसाच हा कारभार.

सभासद गेला की बँड येतो. तो कसा चालतो, हे नीट पाहण्यासारखं आहे. सर्वांत पुढे ग्रँड मार्शल, छातीवर पट्टा, टोपी काढून उराशी धरलेली, पाऊल इतकं सावकाश की प्रत्येक पावलाला क्षणभर थांबल्यासारखं वाटावं. मागे ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, क्लॅरिनेट, सूझाफोन. स्नेअर ड्रमच्या तारा ढिल्या केलेल्या, म्हणजे त्याचा खणखणाट मावळतो आणि दबका ठोका उरतो. संथ लयीत चर्चची भजनं वाजत राहतात. दफन झालं, किंवा पार्थिव नेणारी गाडी वेगळी झाली, की बँड थोडं अंतर राखून चालतो. मग ड्रमवाला तारा पुन्हा ताणून घेतो. एक कडकडीत आवाज होतो, आणि सगळी लय पालटते. मोठ्या ढोलावर बसवलेली झांज वाजवायला बहुतेक वेळा कपडे टांगायच्या हँगरची वाकवलेली तार असते. छत्र्या उघडतात, रुमाल फिरू लागतात. घरचे लोक, मंडळाचे सभासद आणि बँड ही पहिली रांग. मागून येणारे शेजारी, पोरंटोरं, वाटेवरून सामील झालेले अनोळखी लोक ही ‘सेकंड लाइन’. रडणारी बाईही तिच्यात नाचते. गेलेला माणूस यातनांतून सुटला, आणि मागे राहिलेल्यांना एकटं घरी जाऊ द्यायचं नाही, असे दोन अर्थ या नाचाला आहेत.

अंत्ययात्रेखेरीज प्रत्येक मंडळ वर्षातून एकदा स्वतःची मिरवणूक काढतं. ऑगस्टअखेरपासून जूनपर्यंत बहुतेक रविवारी शहराच्या कुठल्या ना कुठल्या कृष्णवर्णीय वस्तीतून सेकंड लाइन निघते. सूट, टोप्या, बूट, पिसांचे पंखे सगळे एकाच रंगाचे, सभासदांनी वर्षभर पैसे बाजूला टाकून शिवलेले. याच रस्त्यावर डर्टी डझन आणि रिबर्थ या ब्रास बँडांनी जुन्या चालींत फंक आणि हिप-हॉप मिसळलं. १९८३ मध्ये सुरू झालेल्या रिबर्थचे संस्थापक ट्रेमेतल्या हायस्कूलचे विद्यार्थी होते. जगभर गाजलेला ‘ट्रॉम्बोन शॉर्टी’, म्हणजे ट्रॉय अँड्र्यूज, याच गल्ल्यांत पोरवयात स्वतःपेक्षा लांब ट्रॉम्बोन घेऊन मिरवणुकीत चालला, म्हणून त्याला हे नाव पडलं.

सुईनं लढणारे सरदार

मार्डी ग्रा हा लेंटच्या उपासांआधीचा सण. गोऱ्या श्रीमंतांच्या मंडळांचे चित्ररथ मुख्य रस्त्यांवरून जात. कृष्णवर्णीयांनी आपला सण मागच्या रस्त्यांवर साजरा केला. पहाटेच सांगाड्यांचे वेश केलेली ‘स्कल अँड बोन’ टोळी हाडं आपटत ट्रेमेची दारं ठोठावते : मरण प्रत्येकाला आहे, तेव्हा नीट जगा. मग बाहेर पडतात ते मार्डी ग्रा इंडियन्स. पळून गेलेल्या गुलामांना मूळनिवासी जमातींनी आसरा दिला, त्या उपकाराची आठवण म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून कृष्णवर्णीय कष्टकरी त्यांच्या वेशात निघू लागले, असं परंपरा सांगते. टोळीच्या पुढे दूरवर ‘स्पाय बॉय’, मग निशाणवाला ‘फ्लॅग बॉय’, आणि शेवटी ‘बिग चीफ’.

चीफचा पोशाख म्हणजे वर्षभराची शिवण. कॅनव्हासच्या तुकड्यावर चित्र रेखायचं आणि एकेक मणी सुईनं ओवून भरायचं. दिवसभर बांधकामावर किंवा गोदीत काम, रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर मणीकाम. बायको, मुलं, शेजारी मदतीला. त्यावर खडे, कडेला शहामृगाची पिसं. आणि सण झाला की पोशाख उसवायचा. पुढच्या वर्षी नवा. जुन्या काळी टोळ्या समोरासमोर आल्या की रक्तपात व्हायचा. ‘यलो पोकाहोंटास’ टोळीचे चीफ ॲलिसन ‘टूटी’ मोंटाना यांनी ती रीत बदलली. पेशानं ते गिलाव्याखालच्या पट्ट्या ठोकणारे कारागीर, त्यामुळे उठावाच्या भौमितिक रचनांवर त्यांचा हात होता. कुणाचा पोशाख देखणा, यावर लढाई ठरू लागली. त्यांनी ५२ वर्षं पोशाख केला. २७ जून २००५ रोजी, वयाच्या ८२ व्या वर्षी, सेंट जोसेफच्या सणाच्या रात्री इंडियन्सना पोलिसांनी दिलेल्या वागणुकीबद्दल ते नगरपरिषदेत बोलत होते. बोलता बोलता तिथेच कोसळले आणि गेले.

क्लेबॉर्नचे ओक

प्लेसी ज्या क्लेबॉर्न अव्हेन्यूवर राहिला, तो ट्रेमेचा कणा. रुंद रस्ता, मधोमध हिरवळीचा पट्टा आणि त्यावर लाइव्ह ओकच्या रांगा. मार्डी ग्राच्या दिवशी या झाडांखाली कुटुंबं चादरी अंथरून, डबे घेऊन बसत आणि इंडियन्सची वाट पाहत. दोन्ही बाजूंना कृष्णवर्णीयांची दुकानं, शिंपी, औषधालयं, विमा कंपन्या, अंत्यविधीची कार्यालयं.

१९६६ मध्ये ओक तोडले गेले आणि त्या पट्ट्यावर आय-१० महामार्गाचा उन्नत पूल उभा राहिला. एक-एक करून दुकानं मिटली. त्याच सुमाराला फ्रेंच क्वार्टरच्या नदीकाठावरूनही असाच एक महामार्ग न्यायचा बेत होता. तिथल्या वारसाप्रेमींनी कडवा विरोध केला आणि केंद्र सरकारनं १९६९ मध्ये तो बेत रद्द केला. दोन वस्त्या शेजारशेजारच्या, मधे एक रस्ता. एकीचे सज्जे वाचले, दुसरीची सावली गेली. वारसा कुणाचा मानायचा आणि कुणाचा नाही, याचं एवढं ढळढळीत उदाहरण दुसरं सापडणं कठीण. याच दशकांत काँगो स्क्वेअरच्या बाजूची ट्रेमेतली अनेक घरं सांस्कृतिक केंद्रासाठी पाडली गेली. त्या जागेवर १९८० मध्ये लुई आर्मस्ट्राँगच्या नावानं उद्यान खुलं झालं, कुंपण घातलेलं. जॅझच्या सन्मानासाठी जॅझची वस्ती हटवली गेली.

लोकांनी मात्र पुलाखालची जागा सोडली नाही. आजही मार्डी ग्राला तिथे गर्दी लोटते. काँक्रीटमुळे पितळी वाद्यांचा आवाज दुप्पट घुमतो, म्हणून बँडवाले मुद्दाम तिथे थांबून वाजवतात. २००२ मध्ये कलावंतांनी पुलाच्या खांबांवर ओकची झाडं रंगवली.

नागरी हक्कांच्या लढ्यात ट्रेमेतली चूलही होती. ऑर्लिन्स अव्हेन्यूवर १९४१ पासून चालत आलेलं ‘डूकी चेस’ हे उपाहारगृह लिया चेस यांनी नावारूपाला आणलं. काळ्या-गोऱ्यांनी एकत्र जेवणं बेकायदा असताना माडीवरच्या खोलीत कार्यकर्ते गम्बो या दाट रश्शाच्या वाडग्यांभोवती बैठका घेत. मार्टिन ल्यूथर किंग तिथे जेवले. उपाहारगृहावर एकदा बॉम्बही फेकला गेला. लिया चेस नव्वदी ओलांडेपर्यंत रांधत राहिल्या. ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारी त्या अनेक पालेभाज्यांचा दाट हिरवा गम्बो करायच्या. २०१९ मध्ये त्या गेल्या तेव्हा त्यांनाही सेकंड लाइननं निरोप दिला.

वादळानंतर

२९ ऑगस्ट २००५ रोजी कट्रीना चक्रीवादळ आलं, बांध फुटले आणि शहराचा बहुतांश भाग पाण्याखाली गेला. ट्रेमेचा नदीकडचा उंच भाग तुलनेनं वाचला. वस्तीला खरा फटका पुढच्या वर्षांनी दिला. २०१० च्या जनगणनेत शहरातले कृष्णवर्णीय २००० च्या मानानं एक लाखाहून अधिक घटले होते. ट्रेमेला लागून असलेली लाफिट ही सरकारी घरांची जुनी वसाहत २००८ मध्ये पाडली गेली. २००६ मध्ये धर्मप्रांतानं सेंट ऑगस्टीनचं स्वतंत्र पॅरिश बंद करायचं ठरवलं. भक्तांनी पाद्र्यांच्या निवासात ठिय्या दिला आणि निर्णय मागे घ्यायला लावला. पोलिसांनी सेकंड लाइनच्या परवान्याचं शुल्क तिपटीहून अधिक वाढवलं. मंडळं कोर्टात गेली आणि त्यांनी ते कमी करून घेतलं.

१ ऑक्टोबर २००७ ची रात्र ट्रेमे विसरलेलं नाही. कर्विन जेम्स हा सूझाफोनवादक गेला होता. त्याच्या आठवणीत वादक रिवाजाप्रमाणे रस्त्यावर वाजवत निघाले. कुणीतरी गोंगाटाची तक्रार केली, पोलिसांच्या गाड्या आल्या आणि भजन चालू असताना दोघा वादकांना अटक झाली. पिढ्यान् पिढ्या ज्या रस्त्यावर विनापरवाना शोक केला, तिथे तो गुन्हा ठरला. त्यानंतर वस्तीचं आकर्षण वाढलं, टीव्ही मालिका आली, घरांच्या किमती चढल्या, पर्यटकांना रात्रीच्या बोलीवर देण्याच्या खोल्या वाढल्या. वादकांना मात्र भाडं परवडेना. अनेक जण आता लांबच्या भागात राहतात आणि रविवारी वाजवायला ट्रेमेत येतात.

त्या रात्री अटक झालेल्यांपैकी एक होता रिबर्थचा ड्रमवादक डेरिक टॅब. त्यानं त्याच सुमाराला ‘रूट्स ऑफ म्युझिक’ ही संस्था सुरू केली. शाळा सुटल्यावर मुलांना वाद्य, शिकवणी, गरम जेवण आणि घरी सोडणारी बस, सगळं फुकट. संगीताच्या वर्गाबरोबर गृहपाठ आणि जेवण का, असा प्रश्न ट्रेमेत कुणी विचारत नाही. इकॉनॉमी हॉलच्या वहीत वर्गणी नोंदवणाऱ्या माणसांनाही तो पडला नसता. माणूस सांभाळला तर सूर टिकतो, हा या वस्तीचा दोनशे वर्षांचा अनुभव आहे. म्हणून ट्रेमेला वाचवायचं असेल, तर खांबांवरच्या चित्रांइतकीच तिथल्या घरभाड्यांची, शाळांची आणि मिरवणुकीच्या परवान्यांची काळजी त्या शहराला करावी लागेल. उत्सव पाहायला येणाऱ्यांची तिथे वाण नाही. उत्सव करणारे त्याच गल्लीत राहू शकतील, एवढी सोय झाली की ट्रेमे पुढचं सगळं स्वतः करेल. आजवर या वस्तीनं तेच केलं आहे.